शाई वाळायच्या आत

मुरुड म्हटलं की ऐकणारा हमखास विचारतो, "जंजिऱ्याचं का?" नाही. "मग दापोलीजवळचं?" तेही नाही. आमचं मुरुड समुद्रापासून लांब, लातूर-बार्शी रस्त्यावरचं, सोयाबीन-तुरीच्या मुलखातलं. एकाच राज्यात एका नावाची तीन गावं, त्यामुळे हा खुलासा करण्यात आम्हा मुरुडकरांचं निम्मं आयुष्य जातं :) टपालखात्याचा मात्र असा गोंधळ होऊ नये म्हणून १५ ऑगस्ट १९७२ ला पिनकोड आला. त्यामागचं डोकं श्रीराम भिकाजी वेलणकर यांचं. टपालखात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. जंजिऱ्याच्या मुरुडचा पिन ४०२ ने सुरू होतो, दापोलीकडच्या मुरुडचा ४१५ ने आणि आमचा ४१३ ने. नाव तेच, आकडा बदलला की गाव बदललं.

आजचा विषय पिनकोड नाही. पण नावावर भागत नाही म्हणून आकडा द्यायचा, ही गोष्ट डोक्यात ठेवा. कारण आज लिहायचंय ते साबणापासून बियाण्याच्या बॅगेपर्यंत सगळ्यावर छापलेल्या काळ्या उभ्या रेघांबद्दल, म्हणजे बारकोडबद्दल. त्यातही मला सांगायची आहे ती शाईची आणि पळत्या कागदाची गोष्ट. बारकोडचा शोध कुणी लावला हे बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. पण त्या रेघा रेघाच का आहेत, गोल का नाहीत, याचं उत्तर प्रयोगशाळेत नसून छापखान्यात आहे, हे मला खूप उशिरा कळलं, आणि कळल्यापासून पाकीट हातात आलं की आधी रेघा बघायची सवय लागलीय.

तर १९४८ साल. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया शहर. तिथल्या एका किराणा दुकानांच्या साखळीचे अध्यक्ष ड्रेक्सेल इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि डीनना म्हणाले, गल्ल्यावर मालाची माहिती आपोआप टिपली जाईल असं काही तुमच्याकडून होईल का? डीननी नाही म्हटलं. पण बर्नार्ड सिल्व्हर नावाच्या तरुणाच्या कानावर ते बोलणं पडलं आणि त्यानं ते आपला मित्र नॉर्मन जोसेफ वुडलंड याला सांगितलं. दोघं कामाला लागले.

आता गंमत बघा. त्यांचा पहिला प्रयोग रेघांचा नव्हताच, तो शाईचा होता. अतिनील किरण पडले की चमकणारी शाई त्यांनी वापरून पाहिली. यंत्र चाललं, पण शाई टिकेना, फिकी पडायची. वर महाग. म्हणजे या गोष्टीत पहिल्या दिवसापासून अडसर आहे तो शाईचाच.

वुडलंड मग नोकरी सोडून मायामीला आजोबांकडे जाऊन राहिला. तिथं समुद्रकिनाऱ्यावर बसलेला असताना त्याच्या डोक्यात मोर्स कोड घोळत होता. लहानपणी स्काउटमध्ये शिकलेला, टिंब आणि डॅशचा. त्यानं सहज चार बोटं वाळूत रोवली आणि आपल्याकडे ओढली. चार रेघा उमटल्या. आपल्याकडे कपाळावर तीन बोटांनी भस्म ओढतात ना, तशाच. टिंब आणि डॅश खाली ओढून लांब केले तर? टिंबाची बारीक रेघ होईल, डॅशची जाड. झालं! २० ऑक्टोबर १९४९ ला दोघांनी पेटंटसाठी अर्ज केला आणि ७ ऑक्टोबर १९५२ ला ते मिळालं.

पण त्या पेटंटमध्ये सरळ रेघांबरोबर आणखी एक आकृती होती आणि पुढं वीस वर्षं तीच भाव खाऊन गेली. वर्तुळात वर्तुळ, नेमबाजीच्या फळीसारखी. कारण उघड आहे. गोल चिन्ह कुठूनही वाचा, सारखंच दिसतं. गल्ल्यावरच्या बाईला पाकीट सरळ धरायची गरज नाही. कागदावर तरी यापेक्षा हुशार कल्पना सापडणं अवघड. यंत्र मात्र तेव्हा परवडण्यासारखं नव्हतं. ५०० वॅटचा दिवा लावून काम चालायचं. लेझर आला १९६० मध्ये. सिल्व्हर १९६३ मध्ये गेला, त्याला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. पेटंट हात बदलत बदलत आरसीए कंपनीकडे आलं आणि १९७२ च्या जुलैत सिनसिनाटी शहरातल्या एका दुकानात गोल चिन्हाची प्रत्यक्ष चाचणी सुरू झाली.

आणि तिथं शाई फुटली.

छापखाना पाहिलेल्यांना हे लगेच समजेल. मोठ्या प्रमाणावरची छपाई सुट्ट्या कागदांवर होत नाही. कागदाचं भलंमोठं रीळ असतं, ते एका टोकाला उलगडत जातं आणि कागद न थांबता रुळांमधून पळत राहतो. वर्तमानपत्र असंच छापतात, बिस्किटाच्या पुड्याचं वेष्टणही असंच छापतात. शाई ओली, कागद पळतोय, वर रुळाचा दाब. साहजिकच शाई जराशी ओढली जाते, आणि ती ओढली जाते कागद पळतो त्याच दिशेला. अक्षरांच्या बाबतीत हे चालून जातं. "साबण" मधला 'सा' थोडा फासटला तरी आपण "साबण"च वाचतो. पण वर्तुळात वर्तुळ काढलेल्या चिन्हाचा फराटा झाला की एका वर्तुळाची शाई शेजारच्या मोकळ्या जागेत जाते, आणि मग यंत्र बहुतेक दिशांनी वाचायला गेलं तरी चुकतं. जे चिन्ह सगळीकडून वाचता यावं म्हणून गोल केलं, ते गोल असल्यामुळेच बिघडायला लागलं.

इथं मला आपल्या तिफणीची उपमा द्यावीशी वाटते. शहरातल्या वाचकांसाठी सांगतो, तिफण म्हणजे तीन फणांचं पेरणीचं अवजार. बैल पुढं चालतात आणि मागं तीन सरळ तास उमटत जातात. आता बैल बांधाशी थांबायच्या ऐवजी दोन पावलं पुढं गेले तर काय होतं? तास दोन पावलं लांब होतात, बाकी काही बिघडत नाही. दोन तासांमधलं अंतर तेच राहतं. पण त्याच तिफणीनं तुम्हाला शेतात गोल पेरायला सांगितलं, तर मात्र बैल कुठं ओढतात यावर सगळं अवलंबून.

आयबीएममधल्या जॉर्ज लॉरर या अभियंत्यानं नेमकं हेच हेरलं. गोल सोडून त्यानं सरळ रेघा घेतल्या. कागद ज्या दिशेला पळतो त्याच दिशेला रेघा ठेवल्या की शाई ओढली गेली तरी रेघ फक्त उंच होते, जाड होत नाही. यंत्राला उंचीशी देणंघेणं नाही, ते फक्त जाडी आणि अंतर मोजतं. फराटा थांबवायचा खटाटोप न करता लॉररनं फराट्याला वाट करून दिली.

यापुढची गोष्ट तर मला याहून आवडते. शाई नुसती ओढली जात नाही, ती कागदात चारी बाजूंनी थोडी पसरतेही. टीपकागदावर पेन टेकवल्यासारखी. म्हणजे प्रत्येक रेघ ठरवल्यापेक्षा जाड होणार आणि मधली पांढरी जागा तेवढीच बारीक. मग जाडी मोजायची कशी? लॉररच्या पद्धतीत यंत्र मुख्यतः एका रेघेच्या डाव्या कडेपासून पुढच्या रेघेच्या डाव्या कडेपर्यंतचं अंतर मोजतं. तसंच उजव्या कडेपासून उजव्या कडेपर्यंत. शाई सगळीकडे सारखी पसरली तर दोन्ही डाव्या कडा सारख्याच डावीकडे सरकतात आणि त्यांच्यातलं अंतर जसंच्या तसं राहतं! पुन्हा तिफण आठवा. फण झिजून जाड-बारीक झाला म्हणून दोन तासांमधलं अंतर बदलत नाही, ते फण कुठं बसवलाय यावर ठरतं. शाई फुटणार हे गृहीत धरूनच ही लिपी रचली होती.

३ एप्रिल १९७३ ला अमेरिकेतल्या किराणा उद्योगाच्या समितीनं हीच रेघांची लिपी निवडली. वुडलंड तेव्हा आयबीएममध्येच होता, त्यामुळे वाळूतल्या रेघा शेवटी त्याच्याकडेच परत आल्या म्हणायला हरकत नाही. २६ जून १९७४ ला सकाळी ओहायो राज्यातल्या ट्रॉय गावी मार्श नावाच्या दुकानात च्युइंगमचं एक दहा पुड्यांचं पाकीट यंत्रावरून गेलं. किंमत ६७ सेंट. बारकोड वाचून विकलेली ती पहिली वस्तू. पुढं १९७७ मध्ये युरोपातल्या १२ देशांनी आपली संस्था काढली आणि १३ आकडी बारकोड जगभर पसरला. भारतात त्याची नोंदणी करणारी संस्था १९९६ मध्ये आली, तीच आजची जीएस१ इंडिया. आपल्याला मिळालेला सुरुवातीचा आकडा ८९०.

या ८९० वरून कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर दर सहा महिन्यांनी एक निरोप फिरतो, तेवढा इथंच निकालात काढतो. ८९० म्हणजे माल भारतात बनला असं नाही. कंपनीनं आपला आकडा भारतातल्या संस्थेकडून घेतला, एवढाच त्याचा अर्थ. माल कुठं बनला ते पाकिटावर वेगळं लिहिलेलं असतं, ते वाचावं.

शेवटचा आकडा मात्र फार कामाचा. तो आधीच्या बारा आकड्यांचा पहारेकरी असतो. उदाहरणादाखल ८९०१२३४५६७८९ हे बारा आकडे घ्या. पहिला, तिसरा, पाचवा असे एकाआड एक आकडे मिळवा: ८+०+२+४+६+८ म्हणजे २८. उरलेले मिळवा: ९+१+३+५+७+९ म्हणजे ३४, त्याची तिप्पट १०२. दोन्ही मिळून १३०. पुढच्या दहाच्या पाढ्यापर्यंत किती कमी पडतात? शून्य. म्हणून तेरावा आकडा ०. एखादा आकडा चुकीचा वाचला गेला की बेरीज जुळत नाही आणि यंत्र गप्प बसतं. चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प बसावं, हे आपल्यातल्या पुष्कळांना जमत नाही ते यंत्राला जमतं. घरातल्या लेकरांना साबणाचं खोकं देऊन हे गणित करायला लावा, रविवारचा एक तास शांततेत जातो.

आता शाईकडे वळू. कारण लिपी कितीही समजूतदार असली तरी ओली शाई रुळाला लागली, पुढच्या घडीला लागली, की सगळंच काळं होणार. म्हणजे वेगाचा प्रश्न शेवटी वाळण्याचा प्रश्न आहे. यंत्र कितीही पळवा, शाई वाळायला जो वेळ घेते त्याच्या पुढं तुम्ही जाऊ शकत नाही.

छपाईची शाई मुळात पाण्याची नव्हे, तेलाची. शतकानुशतकं ती काजळी आणि उकळलेलं जवसाचं तेल यांची व्हायची. होय, आपलंच जवस! आपण ज्याची चटणी करून भाकरीबरोबर खातो तेच. जवसाचं तेल हवेतला प्राणवायू शोषून घट्ट होतं, त्याचा पापुद्रा बनतो, म्हणून ते रंगात आणि शाईत चालतं. आपल्या करडईच्या तेलातही हा गुण आहे, म्हणून तेही रंग-वार्निशात वापरतात. शेंगदाण्याच्या तेलात तो नाही, ते चिकटच राहतं. मराठी मुद्रणाच्या आरंभी मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये पंचांग छापलं. त्या काळी शाईत जनावरांची चरबी असते या समजानं सोवळ्यातले लोक छापील कागदाला शिवायला बिचकत, म्हणून त्यांनी शाईत तूप वापरलं असं सांगितलं जातं. तेव्हाचा प्रश्न शाई शुद्ध आहे का, हा होता. ती किती लवकर वाळते हा प्रश्न यंत्रांनी आणला.

कारण तेलाची शाई पुरती वाळायला तास लागतात. वर्तमानपत्रानं यातून पळवाट काढली. त्याची शाई वाळतच नाही, ती कागदात मुरते. म्हणून तर सकाळी पेपर वाचून बोटं काळी होतात. पण मुरणाऱ्या शाईची कड कधी नेमकी नसते, आणि बारकोडमधली सगळ्यात बारीक रेघ मूळ मापात ०.३३ मिलीमीटरची, म्हणजे मिलीमीटरचा तिसरा भाग. तिथं मुरणं परवडत नाही. गुळगुळीत कागदावर छापायचं तर मग गरम हवेच्या भट्टीतून कागद न्यायचा, नाहीतर भुर्रकन उडून जाणाऱ्या द्रावणाची शाई घ्यायची, नाहीतर अतिनील दिव्याखाली क्षणात घट्ट होणारी शाई वापरायची. योगायोग पाहा, सिल्व्हर-वुडलंडनी जे किरण शाई वाचायला वापरून पाहिले, ते पुढं शाई वाळवायला कामी आले.

प्लास्टिकच्या पिशव्या आणि खोकी छापतात ते बहुतेक रबरासारख्या लवचीक ठशांनी. ठसा सपाट बनवतात आणि मग गोल रुळावर गुंडाळतात. गुंडाळला की तो ताणला जातो, आणि ताणला जातो कुठं, तर पुन्हा पळण्याच्याच दिशेला. म्हणून तिथंही नियम एकच, रेघा पळण्याच्या दिशेला ठेवा. शिवाय जाणकार छापणारा मूळ चित्रातल्या रेघा मुद्दाम थोड्या बारीक काढतो. शाई पसरून त्या बरोबर मापाच्या होतील या हिशोबानं. शिंपी कापड आटणार हे धरून सदरा सैल बेततो, त्याच्या अगदी उलट.

रंगाचीही एक खोच आहे. दुकानातली बरीचशी यंत्रं लाल उजेडानं वाचतात. लाल उजेडात लाल शाई कागदाइतकीच उजळ दिसते, म्हणजे पांढऱ्यावरच्या लाल रेघा यंत्राच्या लेखी नसल्यातच जमा. म्हणून काळ्या, गडद निळ्या, हिरव्या रेघा चालतात, लाल नाही. आणि लाल पार्श्वभूमीवर काळ्या रेघा मात्र खुशाल चालतात. घरातली पाकिटं चाळा, पांढऱ्यावर लाल रेघांचा बारकोड सहसा सापडायचा नाही.

इथवर झालं कायमच्या छपाईचं. पण जे दर वेळी बदलतं ते कसं छापायचं? बॅच नंबर, तारीख, प्रत्येक पाकिटाचा वेगळा आकडा? त्याला ठसा चालत नाही. याचं मूळ चक्क तारायंत्रात आहे. १८६७ मध्ये लॉर्ड केल्विन (तेव्हाचे विल्यम थॉमसन) यांनी समुद्राखालच्या तारांसाठी एक यंत्र केलं. काचेच्या बारीक नळीतून विद्युतभारित शाई निघायची आणि खाली सरकणाऱ्या कागदी फितीवर न टेकता उडायची. तीन वर्षांनी, १८७० मध्ये, अशी समुद्री तार मुंबईला येऊन पोचली. पळता कागद आणि त्याला स्पर्श न करणारी शाई! हीच कल्पना १९६० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये रिचर्ड स्वीट यांनी पुढं नेली. शाईची सतत धार सोडायची, तिचे सेकंदाला हजारो थेंब पाडायचे, हव्या त्या थेंबाला विद्युतभार देऊन वळवायचं आणि नको ते थेंब परत गोळा करायचे. तेलाच्या पिशवीवर किंवा पाण्याच्या बाटलीवर ठिपक्याठिपक्यांची तारीख दिसते ना, ती बहुधा अशीच छापलेली. तिची शाई उडून जाणाऱ्या द्रावणात कालवलेली असते, एक-दोन सेकंदांत वाळते. वाळली नाही तर पुढचीच बाटली तिला पुसून टाकेल.

आपल्या भागात हा पळता कागद घरोघर आला तो मात्र वेगळ्या रूपात. आठवतोय का तो लांबच लांब घडीचा कागद, दोन्ही कडांना भोकं, आडव्या फिक्या पट्ट्या? बँकेत, साखर कारखान्यात, वीज मंडळात, जिथं जिथं संगणक आला तिथं तिथं तो करकरत बाहेर यायचा. वापरून झाला की नातेवाइकांमार्फत घरी यायचा आणि मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही सगळ्या भावंडांनी गणितं सोडवली. त्यातला छपाईयंत्राचा हातोडा फितीवरची शाई कागदावर ठोकायचा. नवी फीत असली की अक्षरं जाड, जुनी झाली की राखाडी. बिलातला आकडा माणूस कसाही वाचून घ्यायचा, पण तशा यंत्रावर बारकोड छापला की फीत जुनी झाल्याचं पहिलं कळायचं ते वाचणाऱ्या यंत्राला.

आज आपल्या तीन जिल्ह्यांत, म्हणजे लातूर, नांदेड आणि धाराशिवात, जे बोर्डाचे लातूर विभागाचे जिल्हे, या रेघांचं सगळ्यात मोठं काम दुकानात नाही, उत्तरपत्रिकेवर आहे असं मला वाटतं. दहावी-बारावीच्या पेपरला पोरं बारकोडची चिकटपट्टी लावतात, बैठक क्रमांक झाकला जातो. तपासणाऱ्या गुरुजींना कळत नाही की हा पेपर लातूरच्या नावाजलेल्या कॉलेजातल्या मुलाचा आहे की एखाद्या वस्तीवरच्या मुलीचा. मगाशी नाव ओळखायला आकडा दिला होता, इथं नाव लपवायला आकडा दिलाय. लातूर पॅटर्नच्या या मुलखात एकेका मार्कासाठी घरं जागतात, तिथं ही चार बोटांची पट्टी बरीच मोठी जबाबदारी पेलते.

आणि दुसरं काम बियाण्याच्या बॅगेवरचं.

२०२० चा खरीप आठवा. मराठवाड्यात ठिकठिकाणी सोयाबीन पेरलं आणि उगवलंच नाही. पाऊस झालेला, वाफसा चांगला, तरी रान रिकामं. तक्रारींची रीघ लागली, औरंगाबाद खंडपीठानं बातम्यांवरून स्वतःहून दखल घेतली. दुबार पेरणी म्हणजे काय ते शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्याला सांगायला नको. बियाण्याचे पैसे पुन्हा, मजुरी पुन्हा, आणि गेलेले दिवस परत येत नाहीत ते वेगळंच. त्या वेळी तालुक्याच्या तक्रार समितीपुढं जायचं तर काय लागायचं? बियाण्याची बॅग, तिच्या तोंडाशी शिवलेलं लेबल आणि दुकानाची पावती. बियाणं जमिनीत गेलेलं, पैसे दुकानात गेलेले. शेतकऱ्याच्या हातात उरतो तो एवढाच छापील पुरावा. लेबलवरचा लॉट नंबर वाचता आला तर बियाणं कुठून आलं ते शोधता येतं, नाही आला तर बोलणंच खुंटतं.

एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारनं बियाण्याचा माग ठेवणारं "साथी" पोर्टल सुरू केलं. बॅगेवर चौकोनी क्यूआर कोड, तो मोबाइलवर टिपला की बियाण्याचा प्रवास दिसावा अशी योजना. हा चौकोनी कोड १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा यांच्या गटानं मोटारींच्या सुट्या भागांसाठी काढला. तेलकट, मळक्या कारखान्यात वापरायचा म्हणून त्यात दुरुस्तीची सोय आधीच ठेवलेली. सगळ्यात भक्कम प्रकारात ३० टक्क्यांपर्यंत भाग खराब झाला तरी वाचता येतो. लॉररनं शाई फुटणार हे गृहीत धरलं, हारांनी कोड मळणार, फाटणार हे गृहीत धरलं. दोघांनीही जग स्वच्छ असेल अशी अपेक्षा ठेवली नाही, म्हणून दोघांचं काम टिकलं. आता दुकानांतल्या यंत्रांनी २०२७ संपेपर्यंत रेघांबरोबर चौकोनही वाचावेत असा जीएस१ चा प्रयत्न चालू आहे. रेघा लगेच जाणार नाहीत, पण त्यांची सद्दी संपत आलीय हे दिसतंय.

बॅगेवरचा कोड असा भक्कम होत असताना पावती मात्र कच्ची होत चाललीय, आणि मला काळजी वाटते ती इथं. दुकानात, बसमध्ये, पेट्रोलपंपावर आता छोट्या रिळाचा जो कागद कर्रकन बाहेर येतो त्यात शाईच नसते. कागदावर एक लेप असतो, तो उष्णतेनं काळा पडतो. वाळायचा प्रश्नच नाही, वेगाचा प्रश्न एका फटक्यात सुटला! पण जे उष्णतेनं उमटलं ते उष्णतेनं, उन्हानं, तेलकट हातानं बिघडतंही. कंडक्टरच्या पेटीतली ती जुनी पंच केलेली एसटीची तिकिटं एखाद्या पुस्तकात आजही जशीच्या तशी सापडतात. यंत्रातलं तिकीट पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कोरं झालेलं असतं. तिकिटाचं काय, प्रवास संपला की काम संपलं. बियाण्याच्या पावतीचं काम मात्र पेरणीनंतर सुरू होतं.

तेव्हा गावाकडच्या मंडळींनो, मृग जवळ आला की एवढं करा. पावती गुळगुळीत, पातळ कागदाची असेल तर त्याच दिवशी तिची झेरॉक्स काढा नाहीतर मोबाइलवर फोटो घ्या, बॅगेच्या लेबलचाही घ्या, लॉट नंबर वाचता येतोय ना ते बघून घ्या. पावती प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी तर मुळीच लावू नका, तिच्या डिंकानं अक्षरं उडतात. बॅग वरच्या बाजूनं न फाडता खालून उसवा, म्हणजे लेबल शाबूत राहील. थोडं बियाणंही बाजूला काढून ठेवा.

बाकी, तुमच्यापैकी कुणी छापखान्यात काम केलं असेल तर रेघांच्या छपाईचे तुमचे अनुभव जरूर लिहा. आणि जवसाच्या चटणीची कृती ज्यांना हवी आहे त्यांनी माझ्याकडे न मागता आमच्या मावशींकडे मागावी, माझी बिघडते.